मोळीविक्याची गोष्ट

परवा अमेरिकेतून नातीने एक छायाचित्र धाडले. मिनेसोटा राज्यात बेमिजी नावाचे एक गाव आहे. तेथे तळ्याच्या काठी अठरा फूट उंचीचा एक पुतळा उभा आहे. अंगात चौकड्यांचा सदरा, ओठावर काळीभोर मिशी, आणि शेजारी निळ्या रंगाचा एक धिप्पाड बैल. पुतळ्याच्या बुटाला टेकून आमची नऊ वर्षांची नात उभी होती. छायाचित्राखाली तिने लिहिले होते, "आजोबा, हा पॉल बन्यन. जगातला सगळ्यात मोठा लाकूडतोड्या. आपल्याकडे असा कोणी आहे का?"

पोरांचे प्रश्न दिसायला लहान असतात, पण उत्तर देऊ गेले की म्हाताऱ्या माणसाला घाम फुटतो. प्रथम मनात आले, नाही बुवा. आपल्याकडे भीम झाला, मारुतीराया झाले, पण कुऱ्हाड घेऊन अरण्येच्या अरण्ये आडवी करणारा वीर काही आपल्या गोष्टींत नाही. मग दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना एकाएकी आठवले, आहे की! आपल्या प्रत्येकाच्या घरी तो येऊन गेला आहे. श्रावणात येतो, लग्नानंतरच्या पूजेला येतो, वास्तुशांतीला येतो. मात्र तो अठरा फूट उंच नाही. तो डोक्यावर मोळी घेऊन येतो, आणि येताच पहिली गोष्ट काय करतो, तर मोळी बाहेर ठेवून प्यायला पाणी मागतो.

त्याची खरी ओळख मला ज्या ठिकाणी झाली, ते उचगाव. ती हकीकत पुढे सांगतोच. आधी नातीच्या या निळ्या बैलवाल्याचा समाचार घेऊ.

जाहिरातीतून वाढलेला वीर

अमेरिकेच्या उत्तरेस, मिशिगन, विस्कॉन्सिन, मिनेसोटा या भागांत एकोणिसाव्या शतकात पाइन वृक्षांची अफाट जंगले होती. हिवाळ्यात शेकडो मजूर तेथे तळ ठोकून राहात, दिवसभर लाकडे तोडत आणि रात्री शेकोटीभोवती बसून थापा मारीत. नवशिक्या पोराला फसवावे, श्रमाचा शीण घालवावा, एवढाच त्या थापांचा हेतू. त्यांतच हा पॉल बन्यन जन्मला. जेम्स मॅकगिलिव्ह्रे नावाच्या वार्ताहराने 1910 साली डेट्रॉइटच्या एका वर्तमानपत्रात या थापांपैकी काही छापल्या, तेव्हा शहरी वाचकांना त्याची तोंडओळख झाली.

पण त्याला घराघरांत पोचवले ते रेड रिव्हर लंबर कंपनी नावाच्या लाकूड कंपनीने. विल्यम लॉहेड हा तिचा जाहिरात लिहिणारा स्वतः काही काळ लाकूडतोडीच्या तळांवर राहिलेला होता. त्याने 1914 पासून पॉल बन्यनच्या गोष्टींच्या छोट्या पुस्तिका चित्रांसह काढल्या. निळ्या बैलाचे 'बेब' हे नावही त्याच्याच पुस्तिकांतून रूढ झाले. हेतू सरळ होता, गोष्ट वाचून गिऱ्हाइकाने आमच्या फळ्या घ्याव्यात! पुढे रिचर्ड डॉर्सन या लोकसाहित्याच्या अभ्यासकाने 1950 साली मोठा वाद उकरून काढला. छापखान्यात आणि कचेरीत वाढवलेली गोष्ट लोककथा म्हणून खपवणे ही लबाडी आहे, असे त्याचे म्हणणे. अशा मालाला त्याने एक नवा शब्दही दिला. आपण त्याला 'बनावट लोककथा' म्हणू.

डॉर्सनचे म्हणणे खरे असेलही. पण बेमिजीच्या लोकांनी 1937 साली उभा केलेला पुतळा आजही उभाच आहे आणि आमची नात त्याच्या बुटाला टेकून हसते आहे, हेही तितकेच खरे. मला त्यातली वेगळीच गोष्ट लागून राहिली. हा पुतळा उभा राहिला तेव्हा त्या मुलखातल्या जुन्या पाइनवनांची तोड जवळजवळ संपत आली होती. जंगल गेले, आणि ते तोडणारा पुतळा होऊन राहिला. किती झाडे पाडली, यावर त्याचे मोठेपण मोजले गेले.

कुऱ्हाड, मोळी आणि दोन काटक्या

आपल्याकडचे माप निराळे आहे.

मराठी घरात वाढलेल्या मुलाला लाकूडतोड्या प्रथम भेटतो तो शाळेच्या पुस्तकात. नदीकाठी झाड तोडताना त्याची कुऱ्हाड पाण्यात पडते. देवता सोन्याची कुऱ्हाड वर काढते, तो म्हणतो ही माझी नव्हे. रुप्याची काढते, तो म्हणतो हीही नव्हे. लोखंडाची पाहताच त्याचा चेहरा खुलतो. ही गोष्ट मूळची इसापाची. ग्रीक कथेत ती देवता म्हणजे हर्मीस नावाचा देव. फ्रान्सच्या राब्लेने ती सोळाव्या शतकात आपल्या ढंगाने रंगवून सांगितली. जगभरच्या लोककथांची जी क्रमवार सूची विद्वानांनी केली आहे, तीत तिला 729 हा आकडा आहे. मराठीत इसाप छापील रूपाने आला त्याला दोनशेहून अधिक वर्षे झाली. मुंबईस सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'इसपनीति' 1828 सालची. तेव्हापासून ती कुऱ्हाड आपल्या नद्यांत पडते आहे. उचगावच्या आमच्या आत्याच्या तोंडून मी ती ऐकली तेव्हा ती चक्क मार्कंडेय नदीच्या डोहात पडली होती, आणि आत्या हात लांब करून डोहाची दिशाही दाखवी!

दुसरा लाकूडतोड्या पंढरपूरचा. राका कुंभार आणि त्याची बायको बांका यांची कथा महिपतीबुवांनी 'भक्तविजया'त सांगितली आहे. हा ग्रंथ 1762 सालचा. भट्टीत मांजरीची पिले राहून गेली आणि देवाने ती वाचवली, तेव्हा राकाने घरदार वाटून टाकले. मग ही नवराबायको रानात जाऊन वाळलेल्या काटक्या वेचीत आणि त्या विकून पोट भरीत. त्यातही नेम असा, की दोन काटक्या एकत्र पडलेल्या दिसल्या तर त्यांना हात लावायचा नाही. एक असेल तर झाडाने टाकली. दोन एकत्र असतील तर त्या कोणीतरी वेचून ठेवल्या असणार! उत्तरेकडच्या भक्तमालेच्या परंपरेतही ही जोडी आहे. तेथे वाटेत सोने पडलेले दिसते. बायकोला मोह होऊ नये म्हणून नवरा त्यावर धूळ लोटतो, आणि मागून येणारी बांका हसून विचारते, मातीवर माती कशाला घालता? लाकूडतोड्याच्या जगभरातल्या गोष्टी एका पारड्यात घातल्या आणि या दोन काटक्या दुसऱ्यात, तर मला वाटते, दुसरेच पारडे खाली जाईल.

तिसरा सत्यनारायणाचा. पोथीचा दुसरा अध्याय आठवून पाहा. काशीनगरीतला गरीब ब्राह्मण पूजा करीत बसला आहे. तेवढ्यात एक मोळीविक्या तहानेने व्याकूळ होऊन येतो. मोळी बाहेर ठेवतो, घरात शिरतो, पूजा पाहतो, हे काय म्हणून विचारतो. ब्राह्मण त्याला सारे सांगतो. तो पाणी पितो, प्रसाद खातो आणि मनाशी ठरवतो, की आज लाकडांचे जे येईल त्यात हीच पूजा करायची. त्या दिवशी त्याला दुप्पट मोल मिळते. पाचव्या अध्यायात कळते, की पुढल्या जन्मी तोच गुह झाला आणि रामचंद्रांची सेवा करून तरून गेला.

ही कथा स्कंदपुराणाच्या रेवाखंडातली म्हणून सांगितली जाते. बंगालमध्ये हाच देव सत्यनारायण आणि सत्यपीर अशा दोन्ही नावांनी पुजला गेला, आणि तेथे त्याची गाणी हिंदू-मुसलमान दोघांनीही रचली. उगम कोठेही असो, आपल्या घरांत ही कथा मुरली ती साध्या कारणाने. साधुवाण्याची नाव किंवा तुंगध्वज राजाचा दरबार आपण कोणी पाहिलेला नव्हता. मोळीविक्या मात्र सगळ्यांनी पाहिलेला होता. तो रोज परसदारी येत होता.

उचगावची मे महिन्यातली दुपार

बेळगावच्या पश्चिमेस दहा-बारा किलोमीटरवर, वेंगुर्ल्याच्या रस्त्याने जाताना उचगाव लागते. मळेकरणी देवीचे गाव म्हणून ते त्या बाजूस सर्वांना ठाऊक आहे. मराठी साहित्य संमेलने भरवणारे गाव म्हणूनही त्याची कीर्ती आहे. येथून कोवाडकडे रस्ता जातो, ते रणजित देसायांचे कोवाड. पश्चिमेकडे वैजनाथ आणि महिपाळगडाचे डोंगर. नोव्हेंबर 1956 मध्ये राज्यांची फेररचना झाली आणि उचगाव म्हैसूर राज्यात गेले. पण आमच्या आत्याच्या घरची चूल, बोली आणि कोल्हापूरशी असलेले सोयरेपण जिथल्या तिथेच राहिले. दर उन्हाळ्यात आम्ही मुले तिच्याकडे जात असू.

आत्याच्या घरी जळण येई ते डोंगराकडच्या वाडीतून. आणणारी एक बाई होती. वय चाळिशीचे असेल, पण डोक्यावरच्या ओझ्याने ती म्हातारी दिसे. चुंबळीवर मोळी, कमरेला कोयता, पायांत काही नाही. पहाटे अंधारात निघायची. उशीर झाला तर ऊन लागते हे एक, आणि वाटेत जंगलखात्याचा रखवालदार भेटतो हे दुसरे. आपल्याला पोथीतल्या मोळीविक्याला अडवणारा कोणी दिसत नाही. पण इंग्रजांनी 1865 आणि 1878 साली जंगलाचे कायदे केले, राने राखीव झाली, आणि पिढ्यान् पिढ्या काटक्या वेचणारी माणसे एका रात्रीत चोरटी ठरली. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगलखात्याच्या जाचाविषयी लिहिले ते 1883 सालच्या सुमारास. त्यानंतर पाऊणशे वर्षांनीही ती बाई कानोसा घेत डोंगर उतरत होती.

साल 1961. मे महिना. आतेभावाचे लग्न होऊन चार दिवस झालेले, घरात लग्नानंतरची पूजा. माजघरात चौरंग मांडलेला, केळीचे खांब लावलेले, सव्वा मापाच्या शिऱ्याचा वास घरभर सुटलेला. भटजींनी पहिला अध्याय संपवून दुसऱ्याला हात घातला होता. मी तेव्हा नऊ वर्षांचा, म्हणजे आज माझी नात आहे तेवढाच. नवा कोट घातलेला, आणि पूजेत कोणी लुडबुड करू नये म्हणून परसदाराची राखण माझ्याकडे दिलेली. त्यामुळे अंगात मोठी ऐट.

ती बाई आली. पंगतीसाठी जास्तीचे जळण सांगितलेले होते, म्हणून मोळी नेहमीपेक्षा मोठी होती. तिने ती भिंतीला टेकवून उतरवली, पदराने तोंड पुसले आणि म्हणाली, "पाणी दे की रे पोरा. घसा वाळलाय."

मी ऐटीत म्हणालो, "थांब. आत पूजा चाललीय. आरती झाल्याशिवाय कोणी उठायचं नाही."

ती काही बोलली नाही. पायरीच्या कडेला उकिडवी बसली. आतून भटजींचा आवाज ऐकू येत होता. मोळीविक्या मोळी बाहेर ठेवून आत आला, त्याने पाणी मागितले, ब्राह्मणाने त्याला प्रसाद दिला. मी ते ऐकत होतो, आणि तिच्याकडे पाहात होतो, आणि तरीही मला त्या दोहोंचा काडीचाही संबंध लागला नाही. हे आज लिहितानाही लाज वाटते. घडवंची हाताच्या अंतरावर होती. वर तांब्या उपडा ठेवलेला होता.

पाचवा अध्याय होऊन आरती झाली तेव्हा मी मागे पाहिले. पायरी रिकामी होती. मोळी भिंतीला तशीच टेकलेली. बाई पैसे न घेताच निघून गेली होती. डोंगरापर्यंतची वाट, वर मे महिन्याचे ऊन. किती वेळ थांबणार?

आत्या प्रसादाची वाटी घेऊन परसात आली. मोळी पाहिली, मला विचारले. मी सांगितले, अगदी शहाणपणाने, की मी तिला थांबायला सांगितले होते. आत्याने मला मारले नाही. रागेही भरली नाही. ती पायरीवर बसली आणि हळू म्हणाली, "पोथीतला आत आला रे बाळ, आणि आपल्या दारचा तहानलेला गेला. मग आपण पूजा कसली केली?"

घरात पाहुणे होते, पंगत बसायची होती. आत्याने जावेला वाढायला सांगितले, एका डब्यात प्रसाद घेतला, मोळीचे पैसे पदराला बांधले आणि माझा हात धरून ती निघाली. आम्ही दोघे त्या उन्हात वाडीपर्यंत चालत गेलो. नवा कोट घामाने भिजला, पण काढायची माझी छाती झाली नाही. ती बाई झोपडीच्या सावलीत पडली होती. आत्याला पाहून धडपडत उठली. आत्याने तिच्या हातावर प्रसाद ठेवला, पैसे दिले, आणि मग जे केले ते मी कधी विसरलो नाही. आत्या म्हणाली, "आम्हांला तहान लागली आहे. पाणी देतेस?"

त्या काळी कोणी कोणाच्या घरचे पाणी प्यावे, याचे कडक नियम होते. ती बाई घुटमळली. आत्याने हात पुढे केला. मडक्यातले पाणी आम्ही दोघांनी प्यायलो. परतताना आत्या वाटभर काहीच बोलली नाही. घरी पंगत उठली होती, आणि सासूबाईंचे तोंड फुगलेले होते, ते पुढे आठवडाभर तसेच राहिले.

त्यानंतर आत्याच्या घरी एक रीत पडली. सत्यनारायणाची पूजा असली की त्या बाईला आधी निरोप जाई. दुसरा अध्याय सुरू होण्याआधी ती माजघराच्या उंबऱ्याच्या आत येऊन बसे, आणि तिच्यापुढे पाण्याचा तांब्या भरून ठेवलेला असे. भटजी पहिल्यांदा चपापले. पुढे तेही तांब्या ठेवल्याची खात्री करून मगच पान उलटू लागले.

गोष्ट टिकते ती कशाने?

आता नातीच्या प्रश्नाकडे येतो. आपला लाकूडतोड्या इतकी शतके का टिकला?

पॉल बन्यनची गोष्ट ऐकणारा मनाने त्याच्या खांद्यावर बसतो आणि वरून जंगल पाहतो. त्यात मौज आहे, कोणीही नाकारणार नाही. मराठी गोष्ट ऐकणाऱ्याला मात्र खांदा मिळत नाही. त्याला दार उघडावे लागते. सोन्याची कुऱ्हाड नाकारणारा, दोन काटक्या न उचलणारा, दिवसाची कमाई देवाला देणारा हा माणूस केव्हाच परीक्षेत उतरला आहे. त्याच्या खरेपणाविषयी गोष्टीला शंकाच नाही. शंका आहे ती आपल्याविषयी. आपण लाकडे विकत घेणारे. मोळीला चार आणे कमी करून मागणारे, ओली आहे म्हणून नाक मुरडणारे आणि चूल पेटली की आणणाऱ्याला विसरणारे. पोथीतला ब्राह्मण गरीब होता, तरी त्याने तहानेल्याला आत घेतले, विचारलेल्या प्रश्नाला नीट उत्तर दिले. म्हणून तर पुढची सारी गोष्ट घडली. त्याने "थांब, पूजा चाललीय" म्हटले असते, तर दुसरा अध्याय तेथेच संपला असता.

'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ही म्हण आपण उठता-बसता वापरतो. नुसत्या लोखंडाने झाड तुटत नाही. झाडाचेच लाकूड दांडा होऊन त्यात बसते, तेव्हा घाव लागतो. त्या दुपारी तो दांडा मी होतो. घर आमचे, पूजा आमची, गोष्टही आमचीच; आणि तिच्यावर घाव घातला तोही आमच्याच पोराने.

आता कोल्हापुरातल्या आपल्या घरांत चुली उरल्या नाहीत. गल्लीच्या तोंडाशी लाकडाच्या वखारी असत, त्या जागी इमारती आल्या. स्वयंपाक गॅसवर होतो. मुलांना 'मोळी' म्हणजे काय, 'चुंबळ' कशाला म्हणतात, हे समजावून सांगावे लागते. तरी पूजा होतात, आणि दुसऱ्या अध्यायात तो येतोच. मला कित्येकदा वाटते, इतर सगळे बदलले, तरी डोक्यावरून किंवा खांद्यावरून आपल्या घरचा विस्तव आणणारा कोणीतरी असतोच.

गेल्या श्रावणातली गोष्ट. आमच्याकडे पूजा होती. दुसरा अध्याय चालू असताना दारावरची घंटा वाजली. गॅसची टाकी घेऊन एक पोरगा तीन जिने चढून आला होता. सूनबाई हळूच म्हणाली, "बाबा, त्याला दहा मिनिटं थांबायला सांगते." मी उठलो. गुडघे दुखतात, पण उठलो. दार उघडून म्हणालो, "टाकी बाहेर ठेव बाळा, आत ये. पाणी घे." तो गोंधळला. घाई आहे म्हणाला, खाली टेम्पो उभा आहे. उंबऱ्यातच त्याने पाणी प्यायले, शिऱ्याचा मुटका तोंडात टाकला आणि धडधडत जिना उतरून गेला. आत बसला नाही. त्याचे नावही विचारायचे राहून गेले.

साठाहून अधिक वर्षांत मी एवढीच प्रगती केली. आत्या असती तर म्हणाली असती, पुढल्या वेळी आधी निरोप धाड.

नातीला मी उत्तर लिहिले आहे: आपल्याकडेही लाकूडतोड्या आहे. त्याचा पुतळा कुठे नाही, आणि तुला त्याच्या बुटाला टेकून उभे राहता येणार नाही, कारण त्याच्या पायांत बूट नव्हतेच. तू सुट्टीत आलीस की आपण उचगावला जाऊ. आत्याच्या घराची ती परसदारची पायरी तुला दाखवीन. आणि जाताना पाण्याचा तांब्या बरोबर घेऊ.